महिला संघाचा निधी: दानपेटी, विक्री की थेट आवाहन?

चर्चच्या महिला संघाच्या बैठकीत यंदा निधी उभारायचं ठरलं, की पुढचं वाक्य बहुतेक वेळा 'मग विक्री ठेवू या' हेच असतं. त्यानंतर चर्चा होते ती फक्त कोण काय करून आणणार याची. विक्रीच का, हा प्रश्न राहूनच जातो. पुढारपण तुमच्याकडे आलं असेल तर तो तुम्हीच विचारायचा आहे, आणि पहिल्याच बैठकीत. कामं वाटून झाल्यावर असा प्रश्न काढणारी बाई कोणालाच आवडत नाही.

वाटा मुख्यतः तीन. घरोघरी छोटी दानपेटी किंवा पाकीट देऊन वर्षभर थोडं थोडं जमवायचं; विक्री, भोजन, गीतांची संध्याकाळ असा एखादा कार्यक्रम करायचा; किंवा एक नेमकी गरज मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांपुढे, मांडून थेट दान आणि संकल्पपत्रं (पुढे इतकं देईन असं लिहून दिलेली) मागायची. माझा कल आधीच सांगून टाकते: चालू गरजेसाठी पेटी, तातडीच्या गरजेसाठी थेट आवाहन. विक्रीला मी शेवटी ठेवते, फक्त एक-दोन परिस्थितींत ती वर येते.

पैसा कोणाच्या पर्समधून येतो

विक्रीनंतर जमा झालेला आकडा उपासनेत मोठ्याने वाचला जातो, टाळ्या पडतात. खर्चाच्या बाजूला जागेचं भाडं आणि छपाई दिसते. सामान मात्र दिसत नाही, कारण ते भगिनींनी आपल्या पैशाने आणलेलं असतं आणि त्याची पावती कोणी मागत नाही. मग विक्रीच्या दिवशी त्याच भगिनी एकमेकींच्या वस्तू विकत घेतात. म्हणजे एकाच बाईने सामानाला पैसे घातले, रात्री जागून काम केलं आणि वर खरेदीही केली. बाहेरचं गिऱ्हाईक नसेल तर विक्री हे आडवळणाने केलेलं दानच असतं, आणि वाटेत त्यातलं बरंच सांडतं.

म्हणून विक्रीची कसोटी एकच: मंडळीबाहेरची माणसं खरंच येणार आहेत का? येणार असतील, तर विक्रीला दुसऱ्या कोणत्याही मार्गाकडे नसलेली गोष्ट मिळते. कधी चर्चची पायरी न चढलेला शेजारी आत येतो, बोलतो, ओळख होते. ही ओळखच तुम्हाला हवी असेल तर पैसा थोडा कमी आला तरी विक्री ठेवा. पण मग बैठकीत तसं उघड बोला.

हाताच्या कामाचा मुद्दा उरतो. ज्यांच्याकडे पैसा नाही पण हुन्नर आहे, त्यांना विक्रीत मान मिळतो, हे खरं. बायबलमधल्या निर्गमाच्या 35व्या अध्यायात निवासमंडपासाठी, म्हणजे इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूसाठी, कुशल स्त्रियांनी आपल्या हातांनी सूत कातून आणलं, त्याचा आवर्जून उल्लेख आहे. पण ते सूत कोणी विकलं नाही. ते थेट मंडपाच्या कामी आलं. तुमच्याकडेही हे शक्य आहे का, ते पाहा. वसतिगृहाला चादरी हव्या असतील तर रुमाल विकून चादरी घेण्यापेक्षा चादरीच शिवता येतील.

गरज चालू की एकदाची

आजारी सभासदांची मदत, मुलींची शाळेची फी, सेवाकार्याचा मासिक वाटा हे खर्च दर महिन्याला दारात उभे असतात. कार्यक्रमाचा पैसा एकदम येतो आणि पुढच्या कार्यक्रमापर्यंत पुरवावा लागतो. इथे पेटीच बरी. प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला यरुशलेमेतल्या पवित्र जनांसाठी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांसाठी, हेच सुचवलं होतं: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला ठेवावं, म्हणजे तो आल्यावर वर्गणी गोळा करायची वेळ येऊ नये.

थोड्यातून काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याला जवळचं आहे. 1869 मध्ये बोस्टन शहरात मेथडिस्ट स्त्रियांनी परदेशी सेवेसाठी स्वतःची संस्था काढली. त्यांचं मागणं होतं आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना. त्याच वर्षी त्यांनी इसाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन यांना भारतात पाठवलं. पहिलीने मुलींचं शिक्षण हाती घेतलं, दुसरीने स्त्रियांचे औषधोपचार. अमेरिकेतल्याच एपिस्कोपल मंडळीच्या स्त्रियांचं युनायटेड थँक ऑफरिंग 1889 पासून चालू आहे. त्यांची निळी पेटी घरात असते आणि आभार मानावेसे वाटले की तिच्यात नाणं पडतं.

पेटीचा दोषही सांगायला हवा: ती विसरली जाते. पहिल्या दोन महिन्यांत उत्साह असतो, नंतर ती कपाटावर जाते. तिला जागती ठेवायची तर महिन्यातून एका सभेत ती आणायला सांगावी लागते आणि गेल्या महिन्याचा पैसा कुठे गेला ते प्रत्येक वेळी सांगावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते पुढारी बाईच्याच वाट्याला येतं.

छप्पर गळतंय किंवा कोणाचं ऑपरेशन आहे, अशा वेळी पेटी उपयोगाची नाही. तिथे थेट आवाहन करा, पण नेमकं. 1888 मध्ये चीनमध्ये सेवा करणाऱ्या लॉटी मून यांच्या पत्रांवरून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बॅप्टिस्ट स्त्रियांनी नाताळचं अर्पण गोळा केलं. उद्दिष्ट 2,000 डॉलरचं होतं, जमले 3,315, आणि त्यातून तीन नव्या सेविकांना पाठवण्याची सोय झाली. त्या आवाहनात जागा ठरलेली, काम ठरलेलं, आकडा ठरलेला, काळ ठरलेला. 'संघाच्या कार्यासाठी सढळ हाताने द्या' एवढंच म्हटलं, तर देणाऱ्याला किती आणि कशासाठी हेच कळत नाही.

संकल्पपत्रं घेणार असाल तर लिहून दिलेली सगळी रक्कम येतेच असं धरू नका. कारागिराला शब्द द्यायचा तो हातात आलेल्या पैशावर.

दोन टोल्या टाकणारीची जागा

मला हा निकष सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका हाच बैठकीत कोणी काढत नाही. मार्काच्या 12व्या अध्यायातली, मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या म्हणजे अगदी लहान नाणी टाकणारी गरीब विधवा तुमच्या संघातही असते. विक्रीत तिला सामान आणणं परवडत नाही, खरेदीही परवडत नाही. मग ती त्या दिवशी 'बरं नाही' म्हणून घरी राहते. थेट आवाहनात उभं राहून आकडे बोलायची पद्धत असेल तर तिची आणखी पंचाईत. बंद पेटी आणि बंद पाकीट यांत तिचं आणि श्रीमंत भगिनीचं दान दिसायला सारखंच असतं.

हे फार नेमकेपणाने ओळखलं ते भारतातल्याच शांती सॉलोमन यांनी. 1956 मध्ये त्या एका आंतरराष्ट्रीय महिला गटाबरोबर प्रवास करत असताना त्यांना कोरियाचा व्हिसा नाकारला गेला. त्या अनुभवातून 'फेलोशिप ऑफ द लीस्ट कॉइन' उभी राहिली: समेटासाठी प्रार्थना करताना प्रत्येकीने आपल्या देशाचं सगळ्यात लहान नाणं बाजूला ठेवायचं. लहानच, जास्त नाही. ज्यांना जास्त देता येतं त्यांना मुद्दाम अडवणारी ही योजना मला आजही धाडसाची वाटते. मोठी रक्कम हवी असेल तिथे ती लागू पडणार नाही. पण आपल्या योजनेत सगळ्यात गरीब बाई मान खाली न घालता भाग घेऊ शकते का, हे तपासायला ती उपयोगी आहे.

हिशोब

दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात मंदिराच्या डागडुजीची गोष्ट आहे. योवाश राजाने आधी याजकांना सांगितलं, आपापल्या ओळखीच्या लोकांकडून पैसे घ्या आणि दुरुस्ती करा. त्याच्या कारकिर्दीचं 23वं वर्ष उजाडलं तरी पडझड तशीच. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत. पैसा आला, काम झालं. पहिल्या पद्धतीत कोणी चोरी केली, असं तिथे म्हटलेलं नाही. पैसा अनेक हातांत होता आणि तो एकत्र मोजला जात नव्हता, एवढंच दिसतं.

या निकषावर विक्री सगळ्यात अवघड. टेबलं अनेक, सुट्टे पैसे, उधारी, 'नंतर देते'. पेटी सोपी, पण उघडताना दोघी हव्यात, आणि त्या एकाच घरातल्या नकोत. थेट आवाहनातला पैसा मंडळीच्या खात्यातच जमा होऊ द्या. सोय म्हणून कोणाच्या खासगी खात्यावर किंवा फोनवर ऑनलाइन पैसे मागवू नका. ती भगिनी कितीही प्रामाणिक असली तरी संशयाचा भार तिच्यावरच येतो. पौलाने वर्गणी पोहोचवताना मंडळ्यांनी निवडलेला बंधू बरोबर घेतला, तो कोणी दोष लावू नये म्हणूनच.

सोडत किंवा लॉटरीबद्दल थोडक्यात. कॅथलिक शिकवण नशिबाच्या खेळांना सरसकट अन्याय्य मानत नाही. मेथडिस्टांची सामाजिक तत्त्वं जुगाराला विरोध करतात. तुमच्या मंडळीची भूमिका पाळकांना विचारा, आणि कायद्याची परवानगी लागते का तेही. ज्या निधीवरून अर्धी मंडळी नाराज होते तो मला महागच वाटतो.

मग निवड कशी करायची

दर महिन्याची गरज आणि नियमित भेटणारा संघ असेल, तर पेटी घ्या. कमीत कमी एक वर्ष चालवा आणि पहिल्या काही महिन्यांच्या रकमेवरून निराश होऊ नका. एकच मोठा खर्च असेल तर थेट आवाहन, लेखी अंदाजपत्रकासह. काम करणाऱ्या भगिनी मोजक्या आणि आधीच थकलेल्या असतील तर विक्रीचा विचार सोडा. त्याच चौघी पुन्हा राबतील. उलट नवीन आलेल्या बायकांना जुन्यांमध्ये मिसळू द्यायचं असेल, तर एकत्र बसून काम करण्यासारखं दुसरं काही नाही. तेव्हा छोटी विक्री जरूर ठेवा आणि तिच्याकडून फार पैशाची अपेक्षा करू नका.

कोणताही मार्ग घ्या, सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी पाळकांशी बोलून लिहून ठेवा: रक्कम कमी पडली तर काय करायचं आणि जास्त आली तर उरलेलं कुठे जाणार. दुसरा प्रश्न हसण्यावारी नेला जातो. पण निर्गमाच्या 36व्या अध्यायात निवासमंडपाच्या कामासाठी लोक इतकं आणू लागले की कारागीरच मोशेकडे तक्रार घेऊन गेले, आणि आता कोणी काही आणू नये अशी दवंडी छावणीत फिरवावी लागली. तुमचा आकडा पूर्ण झाला की तसंच पुढच्या उपासनेत जाहीर करा आणि त्या कामासाठी पैसे घेणं थांबवा.