जत तालुक्यातील चार दिवसांची सेवासहल : एक अभिप्राय

नाताळनंतरच्या आठवड्यात मिरजेतील एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाने जत तालुक्याच्या पूर्व भागातील एका हंगामी वसतिगृहात नेलेल्या सेवासहलीत मी सहभागी झाले होते. प्रवास, भोजन आणि मुक्काम मिळून माणशी अठराशे रुपये घेतले होते, आणि त्या मानाने व्यवस्था चोख होती. मुलांची छायाचित्रे काढायची नाहीत हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले गेले, आणि प्रार्थनेला बसण्याची सक्ती कोणावरही नव्हती. या दोन्ही गोष्टी मला मनापासून आवडल्या.

या वसतिगृहातील बहुतेक मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, म्हणून दोघेही जातात, आणि फडावर मुलांच्या शाळेची सोय होत नाही, म्हणून ती गावातच मागे ठेवली जातात.

उणीव जाणवली ती भाषेची. जतच्या या पट्ट्यात पुष्कळ घरांतून कानडी बोलली जाते, हे संयोजकांना ठाऊक असायला हवे होते. तरीही आमच्यात कानडी येणारे एकही माणूस नव्हते. मी बायबलमधील चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेणाऱ्या परक्याची, गोष्ट सांगत होते तेव्हा मागच्या रांगेतील लहानगी नुसती पाहत बसली होती. तेवढ्यात तिसरीतील एक मुलगी उठून त्यांच्यात जाऊन बसली आणि माझे प्रत्येक वाक्य हळू आवाजात कानडीतून सांगू लागली. गाढव आले तेव्हा ती "कत्ते, कत्ते" म्हणाली आणि सगळी रांग हसली. त्यानंतरचे तीन दिवस मी दोन वाक्ये बोलून थांबत असे आणि ती पुढे सांगत असे. सकाळी अंगणात ती माझ्याकडून वेणी घालून घेई आणि मला एकेक कानडी शब्द घोटून घ्यायला लावी.

शेवटच्या संध्याकाळी तिने मला विचारले, "ताई, तो माणूस धर्मशाळेवाल्याला म्हणाला ना, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. मग तो परत आला का?" लूकच्या शुभवर्तमानात ही गोष्ट तेथेच थांबते, हे मला माहीत होते, पण तिला ते सांगताना माझा आवाज बसला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमची गाडी सुटणार होती.

माझी खरी तक्रार येथे आहे. निरोपाच्या वेळी खाऊ आणि वह्या वाटल्या गेल्या, पण पुन्हा कोण, कधी येणार, याविषयी संयोजकांनी काहीच ठरवले नव्हते. ज्या मिरजेत १८९४ साली मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी रुग्णालय सुरू केले, तेथील मंडळीला राहून केलेली सेवा म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. चार दिवसांत मूल जीव लावते. अशा वेळी पुढच्या भेटीची तारीख वसतिगृहाच्या फळ्यावर लिहूनच निघायला हवे. मंडळीच्या पाळकांना (धर्मगुरूंना) मी हे लेखी कळवले आहे.

सहल जरूर करावी, मात्र कानडी येणारे माणूस सोबत आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारावे. उन्हाळ्याच्या तोंडाशी टोळ्या परततात आणि मुले घरी जातात, म्हणून आम्ही तिघीजणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी एसटीने पुन्हा जाणार आहोत. ती तारीख मी पत्राने तिला कळवली आहे.