पहिला फॉकनर कोणता घ्यावा : ‘द साउंड अँड द फ्युरी’ की ‘ॲज आय ले डाइंग’?

एम.ए.च्या सेमिनारला किंवा लघुप्रबंधाला अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर घ्यायचा ठरला, की गाडी बहुधा या दोन कादंबऱ्यांपाशी अडते. एक १९२९ची, दुसरी १९३०ची. काल्पनिक जेफरसन गाव तेच, संज्ञाप्रवाहही (पात्राच्या मनात येईल तसे निवेदन) दोन्हीकडे. श्रेष्ठ कोणती हा वाद इथे नको. अभ्यासाचे तास कशात जातात तेवढे पाहू.

‘फ्युरी’ ही कॉम्प्सन कुटुंबाची कथा. तिच्या पहिल्या, या घरातल्या मतिमंद बेंजीच्या भागात काळ बदलला की अक्षर तिरके होते, हे ठाऊक असेलच. माझे घोडे तिथेच अडते. तिरके अक्षर काळ बदलल्याचे सांगते, कुठल्या काळात गेलो ते सांगत नाही. पुन्हा सरळ अक्षर आले म्हणजे चालू काळात, १९२८त परतलो, असेही नाही. सुरुवातीलाच पाहा : कुंपणातून जाताना बेंजी खिळ्यात अडकतो, त्याला सांभाळणारा लस्टर त्याच्यावर करवादतो, आणि लगेच पुढे त्याला सोडवते ती बहीण कॅडी, कित्येक वर्षांपूर्वीची, नाताळच्या सुमाराची. दुवा काय, तर तोच खिळा.

यावरचा रूढ उपाय म्हणजे बेंजीला सांभाळणारा कोण ते बघायचे. वर्श असेल तर बालपण, टी. पी. असेल तर साधारण १९०६ ते १९१२, लस्टर म्हणजे १९२८. वहीत पान, सांभाळणारा आणि घटना असे रकाने पाडा. आजीचा मृत्यू, बेंजीचे नाव बदलणे, कॅडीचे लग्न, वडिलांचा मृत्यू या खुणा पक्क्या धरा. उपाय चालतो, पण दोन-तीन ओळींच्या तुकड्यांत सांभाळणाऱ्याचे नावच नसते. त्यात नावे दुहेरी. क्वेंटिन मामाही आणि भाचीही, जेसन बापही आणि मुलगाही. बेंजीचे मूळ नाव मॉरी, तेही मामाचेच. बऱ्याचदा यातून निबंध न होता नुसती कालसूची होते, आणि मार्गदर्शक विचारतात, “बरं, मग मुद्दा काय?”

त्यात फॉकनरचा स्वामित्वहक्क भारतात २०२२अखेर संपलेला. फुकटातल्या फायलींमध्ये स्कॅन करताना तिरके अक्षर उडालेले असले, तर बेंजीचा भाग वाचून उपयोग नाही.

‘ॲज आय ले डाइंग’मध्ये ५९ तुकडे आणि १५ निवेदक, पण प्रत्येक तुकड्यावर बोलणाऱ्याचे नाव. तिरके अक्षर इथेही भेटते, मात्र वाट अडवत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून खऱ्या प्रश्नाला हात घालता येतो. आई मरणाच्या दारात असताना मुलगा डार्ल तीन डॉलरसाठी भाऊ ज्युएलबरोबर लाकडाच्या फेरीवर गेलेला असतो. तरी घरात आई कशी गेली ते सांगतो तोच. हे त्याला कसे कळले? एवढ्या एका प्रश्नावर सेमिनार उभा राहतो. भाऊ कॅशने आईच्या शवपेटीचे सांधे तिरके का कापले याची क्रमांक घालून दिलेली १३ कारणे, धाकट्या वार्डमनचे एका वाक्याचे प्रकरण, मेल्यावर बऱ्याच पुढे, शवपेटीसह नदी ओलांडून झाल्यावर येणारे आईचे, म्हणजे ॲडीचे एकुलते निवेदन : यातले काहीही एका तासिकेत बारकाईने वाचून होते.

इथेही पाय घसरतो. अवतरणचिन्हांतले बोलणे मिसिसिपीच्या खेडवळ बोलीत आणि मनातला मजकूर मात्र कधीकधी भलताच साहित्यिक. विद्यार्थी तो सगळा पात्राच्या नावावर जमा करतात. डार्लचा एखादा तुकडा घेऊन त्याचे बोलणे आणि त्याचा विचार शेजारी शेजारी उतरवून काढा, तफावत दिसेल.

विषय काळाचा किंवा वर्णभेदाचा असेल, तर मात्र ‘फ्युरी’ टाळू नये. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रचा १९३९चा लेख तिच्यातल्या काळावरच आहे, आणि कॉम्प्सनांची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण डिल्सी हिच्या ईस्टर प्रार्थनेच्या तोडीचे काही दुसरीत नाही; तिथे कृष्णवर्णीय माणसे जवळजवळ नाहीतच. एरवी, पहिलीच खेप आणि हाताशी एकच सत्र असेल, तर मी ‘डाइंग’कडे झुकेन.

प्रत घेताना अभ्यासक नोएल पोकने शुद्ध केलेली संहिता असलेली घ्या. ‘फ्युरी’च घेतलीत, तर १९४६चे कॉम्प्सन कुटुंबावरचे परिशिष्ट आधी वाचू नका आणि कादंबरीचा पुरावा म्हणूनही देऊ नका. कादंबरीत भाची क्वेंटिन पेअरच्या झाडावरून उतरून पळते, परिशिष्टात पन्हळीवरून. तोंडी परीक्षेत नेमके यावर बोट ठेवले जाते.