एकाच सीटबेल्टचे दोनदा पैसे: कॅन्ससमधल्या मंडळींनी वाचावं असं

गाडी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात विकलेली आणि कॅन्ससमध्येच रजिस्टर असेल, तर बऱ्याच कंपन्या तिच्या सीटबेल्टला दहा वर्षांची वॉरंटी देतात. मैल कितीही झालेले असोत. वॉरंटीच्या पुस्तिकेत ही ओळ असते, पण कुठल्यातरी मधल्याच पानावर, बारीक अक्षरात. सर्व्हिसच्या काउंटरवर ती आपणहून कुणी सांगत नाही. आमच्या बाबतीत तर त्याच्याही पुढची गंमत झाली. बेल्टचे पैसे आमच्याकडून घेतले आणि त्याच बेल्टचे पैसे कंपनीकडूनही वॉरंटीत उकळले. ओव्हरलँड पार्क, ओलेथा, लेनेक्सा या कॅन्सस सिटीच्या उपनगरांत आपले लोक भरपूर आहेत आणि कित्येकांच्या दारात सात-आठ वर्षं जुनी गाडी उभी असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची मिनीव्हॅन २०१६ ची, ओव्हरलँड पार्कलाच नवी घेतलेली. मैल लाखाच्या पुढे गेलेले. ड्रायव्हरशेजारच्या सीटचा बेल्ट हळूहळू सुस्तावला. सोडला की सर्रकन वर जायच्या ऐवजी तो मांडीवर लोळत राहायचा, मग दारात चेंगरायचा, आणि चेंगरून चेंगरून त्याची कड उसवली होती. सांगलीहून आलेले सासरे त्या सीटवर बसायचे. "अगं, हा पट्टा माघारीच जात नाही," हे त्यांचं रोजचं पालुपद झालं होतं.

कॅन्सस सिटीचा भूगोल माहीत नसलेल्यांसाठी सांगते. शहर दोन राज्यांत पसरलंय. स्टेट लाइन रोड नावाचाच रस्ता आहे, त्याच्या एका अंगाला कॅन्सस, दुसऱ्या अंगाला मिसुरी. नवऱ्याच्या ऑफिसजवळचा अधिकृत डीलर मिसुरीच्या बाजूला होता, म्हणून गाडी तिकडे नेली. सर्व्हिस अॅडव्हायझर अतिशय गोड बोलणारा. म्हणाला, बेल्ट आणि एअरबॅगची वॉरंटी पाच वर्षं किंवा साठ हजार मैल, जे आधी होईल ते. तुमचं दोन्ही उलटून गेलंय. नवऱ्याने विचारलं, "गाडी कॅन्ससची आहे, तिथे काही वेगळा नियम आहे का?" उत्तर आलं, "वॉरंटी सगळीकडे सारखीच असते." नंबरप्लेट कॅन्ससची, लायसन्सवरचा पत्ता कॅन्ससचा, दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर.

तपासणीची फी, बेल्टची पूर्ण असेंब्ली, मजुरी आणि टॅक्स धरून बिल झालं ७४० डॉलर. सुरक्षेचा मामला, त्यातून वयस्कर माणूस त्या सीटवर बसणार, त्यामुळे घासाघीस न करता दिले. निघताना नवऱ्याने जुना बेल्ट मागितला. त्याला जुने पार्ट बघायची हौस आहे, बाकी काही नाही. तर म्हणे, "तो कंपनीकडे परत पाठवावा लागतो."

या वाक्यापाशी थांबा. आपण खिशातून पैसे भरून बदललेला पार्ट डीलर कशाला परत पाठवेल? काही पार्टवर जुना परत देण्याचं डिपॉझिट असतं, ते बिलात वेगळं दिसतं. आमच्या बिलात तसं काही नव्हतं. जुना पार्ट डीलरला जपून ठेवावा लागतो तो वॉरंटीच्या कामात, कारण कंपनी तो तपासायला मागू शकते.

पुढे बरेच महिने गेले. वेगळ्याच एका गोष्टीसाठी रिकॉलचं, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनी गाडी परत बोलावते त्याचं, पत्र आलं, आणि या वेळी गाडी कॅन्ससमधल्या डीलरकडे नेली. तिथल्या बाईंनी व्हिन नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला, स्क्रीन वाचली आणि सहज म्हणाल्या, "सीटबेल्ट वॉरंटीत बदलून घेतलात, छान केलंत. लोकांना माहीतच नसतं." मी म्हटलं, वॉरंटीत नाही हो, पैसे भरलेत. त्यांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. एक ओळ होती: तारीख, मैल, पार्ट नंबर आणि शेवटी क्लेम मंजूर झाल्याची नोंद. आमचं बिल ग्लोव्ह बॉक्समध्येच होतं. आणून शेजारी धरलं. तारीख तीच, मैल शेवटच्या आकड्यापर्यंत तेच, पार्ट नंबर तोच. फरक एका अक्षराचा. इथल्या बिलात बहुधा प्रत्येक कामापुढे ते कुणाच्या खात्यावर गेलं ते लिहिलेलं असतं: 'सी' म्हणजे गिऱ्हाईक, 'डब्ल्यू' म्हणजे वॉरंटी. आमच्या हातातल्या कागदावर 'सी' होता, कंपनीकडे गेलेल्या नोंदीत 'डब्ल्यू'.

मला राग पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आला. आठ वर्षं जुन्या, लाखभर मैल चाललेल्या गाडीचा क्लेम कॅन्ससच्या अटीशिवाय मंजूर होणारच नव्हता. म्हणजे ती अट त्या दुकानात कुणाला तरी चांगलीच पाठ होती. फक्त आम्हाला सांगायची नव्हती.

मॅनेजरला फोन केला तर आधी "संगणकाची चूक", मग "नव्या मुलाची चूक", आणि शेवटी तेवढ्याच रकमेचं दुकानात वापरायचं क्रेडिट, वर फुकट ऑइल चेंज. तोंडी काही कबूल करायचं नाही असं आम्ही ठरवलं. बिल आणि ती नोंद जोडून मॅनेजरला ईमेल केली. पुस्तिकेत कंपनीच्या ग्राहक विभागाचा नंबर असतो, तिथे तक्रार नोंदवून केस नंबर घेतला. दुकान मिसुरीत, म्हणून मिसुरीच्या अॅटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, ग्राहक संरक्षण विभागाकडे ऑनलाइन अर्ज भरला. त्याला पैसे पडत नाहीत. डीलर खरा घाबरतो तो कंपनीला. कंपनी वॉरंटीच्या क्लेमचं ऑडिट करते आणि खोटे निघाले तर दिलेले पैसे उलटे कापून घेते. केस नंबर कळवल्यावर मॅनेजरची भाषा बदलली, क्रेडिटचा विषय बंद झाला आणि तपासणीच्या फीसकट सगळी रक्कम कार्डावर परत आली. सोबत माफीचा एक शब्द नव्हता.

आता तुमच्यासाठी. बेल्ट नीट मागे जात नसेल तर आधी दाराशेजारच्या खांबावरची ती कडी बघा, जिच्यातून पट्टा वळतो. तिथे घाम, तेल आणि धुळीचा चिकट थर बसतो आणि पट्टा अडतो. साबणाच्या कोमट पाण्यात फडकं भिजवून कडी आणि पट्टा पुसा. ब्लीच लावू नका, त्याने पट्ट्याचे धागे कमजोर होतात. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं, तर बहुधा पट्टा गुंडाळणारं यंत्र गेलंय. ते घरी उघडू नका, पुढच्या सीटच्या बेल्टमध्ये अपघाताच्या क्षणी पट्टा आवळण्यासाठी स्फोटक असतं. डीलरकडे तक्रार लिहून देताना "बेल्ट मागे जात नाही" असंच लिहा. "झिजलाय, जुना दिसतो" असं लिहिलंत की रंग उडणं, डाग, कुत्र्याने चावणं यांच्या रांगेत तुम्हाला बसवतात, आणि ते वॉरंटीत येत नाही. कड उसवलीय यावर बोट ठेवलं तर सांगा, पट्टा वर जात नाही म्हणूनच दारात चेंगरतो. आणि "वॉरंटी नाही" म्हणाले तर तेवढं वाक्य बिलावर लिहून मागा.

मिसुरीकरांना ही दहा वर्षांची सवलत नाही. पण होंडा अमेरिकेत विकलेल्या गाड्यांच्या सीटबेल्टला गाडी चालते तोवर वॉरंटी देते, राज्य कुठलंही असो. बेल्ट नीट काम करत नसेल ही अट. बेल्टवर शिवलेल्या लेबलवर तो कुठल्या साली बनला ते छापलेलं असतं. नवा घातलाय असं सांगितलं तर पट्टा पूर्ण बाहेर ओढून ते साल वाचा.

विद्यार्थी मंडळी एकमेकांकडून जुन्या गाड्या घेतात, त्यांनी एक बघावं: अट 'विकलेली आणि रजिस्टर' अशी आहे. टेक्सासमधून आणलेली गाडी नुसती इथे रजिस्टर केली म्हणून काउंटरवर वाद घालू नका, व्हिन नंबर देऊन थेट कंपनीलाच विचारा. आणि पैसे भरावेच लागले तर क्रेडिट कार्डाने भरा. चुकीच्या बिलाची तक्रार बँकेकडे लेखी करायची मुदत स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांची असते. आमची ती केव्हाच उलटून गेली होती, म्हणून हा एवढा पत्रव्यवहार करावा लागला.