ब्लॅक कॅव्हियार (ऑस्ट्रेलियाची रेसची घोडी): 4 वर्षं, 25 रन म्हणजे शर्यती, वापरानंतरचा अनुभव (मुख्यतः इंग्लंडमधल्या ॲस्कॉटच्या शेवटच्या 100 मीटरबद्दल)

वंशावळ, जर्सीवरचे काळे ठिपके, पीटर मूडीचं ट्रेनिंग हे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ते सोडून देतो. 2008 साली मेलबर्नच्या यर्लिंग (एक वर्षाच्या शिंगरांच्या) लिलावात 2,10,000 ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलेली ही फिली (तरुण घोडी) एप्रिल 2009 ते एप्रिल 2013 या काळात 25 वेळा पळाली आणि 25 वेळा जिंकली. त्यात 15 ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यती. बक्षिसाची रक्कम 79 लाख डॉलरच्या वर, म्हणजे खरेदीच्या 37 पट. मालकांचा पैसा वसूल. पैसे लावणाऱ्यांचा नाही. ॲस्कॉटला भाव होता 1/6: सहाशे लावा, शंभर कमवा. घरच्या मैदानावर बऱ्याचदा त्याहूनही कमी. एवढ्याशा पैशासाठी ॲस्कॉटला जो जीव टांगणीला लागला, त्याचे दोन तारे कापले होते.

23 जून 2012, डायमंड ज्युबिली स्टेक्स, सहा फर्लांग (साधारण 1200 मीटर) सरळ. मेलबर्नच्या फ्लेमिंग्टनलाही सरळ 1200 मीटर आहे, पण ॲस्कॉटचा शेवटचा भाग चढाचा, त्यात मैदान ओलसर. घोडी पुढे होती, पण नेहमीसारखी सुटली नव्हती. जॉकी ल्यूक नोलनला वाटलं काम झालं, त्याने घोडीला रेटणारे हात थांबवले. स्प्रिंटमध्ये इथेच गणित चुकतं. दमलेल्या जनावराने एकदा लय सोडली की दोन-तीन टापांत ती परत लागत नाही, आणि मागून येणारं जनावर त्याच वेळी पूर्ण वेगात असतं. मागून मूनलाइट क्लाउड ही घोडी आली, नोलन जागा झाला, हात पुन्हा चालू झाले. निकाल फोटोवर. फरक घोडीच्या एका डोक्याएवढा.

मादीला पाठीवरच्या वजनात मिळणारी सूट ऑस्ट्रेलियात 2 किलो आणि ॲस्कॉटला 3 पौंड, म्हणजे साधारण 1.4 किलो, म्हणून फरक कमी पडला, असा हिशोब काहींनी मांडला. तो इथे चालत नाही, कारण मूनलाइट क्लाउडही घोडीच. सूट दोघींना सारखीच.

या अनुभवात आधी 'दोष शंभर टक्के जॉकीचा' असं लिहिलं होतं. ते मागे घेतो, निदान अर्धं. रेसनंतरच्या तपासणीत मागच्या पायाच्या क्वाड्रिसेप्सला, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूला, फाट निघाली, आणि कमरेचं हाड कण्याला जुळतं त्या सांध्यालाही इजा. स्प्रिंटर पळतो मागच्या पायांवर. गेट उघडल्यावरचा पहिला रेटा तिथूनच येतो, आणि तो रेटा कमरेतून पाठीत जातो. हा जोड दुखला की घोडा सहसा उघड लंगडत नाही. टाप आखूड पडते, बस्स. वरून बघणाऱ्याला वाटतं आळस करतोय. शेवटपर्यंत रेटली असती तर कदाचित फरक मोठा दिसला असता, आणि कदाचित घोडी परत पळालीच नसती. नोलनने स्वतः चूक कबूल केली होती, ती कबुली खरीच आहे. पण आखूड टापेचा दोष त्याच्या हातांचा नव्हता.

त्या वर्षीचं कॅलेंडर बघा: जानेवारीअखेर 1200 मीटर, 11 फेब्रुवारीला 1400 मीटरची ऑर स्टेक्स (याहून लांब ती कधी पळालीच नाही), सातच दिवसांनी 1000 मीटरची लाइटनिंग. मग एप्रिल आणि मे महिन्यात ॲडलेडला दोन रन, आणि त्यावर इंग्लंडचा विमानप्रवास. प्रवासात अंगाला घट्ट बसणारा दाबाचा सूट घातला होता, स्नायू सुजू नयेत म्हणून. फोटो बघून लोक हसले, पण तासन्‌तास उभ्या राहिलेल्या जड घोडीसाठी ती साधी काळजी आहे. मेंटेनन्सचा प्रश्न मुळात नवा नव्हताच. 2009 च्या डेनहिल स्टेक्समध्ये गेटमधून अडखळत निघाली तेव्हा छातीचा स्नायू दुखावला होता, तरी जिंकली. इंजिन एवढं मोठं की सांधे आणि स्नायू सतत हप्ता भरत राहतात. म्हणून चार वर्षांत 25 च रन. कमी वाटतात ना? याच हिशोबामुळे ती टिकली, असं माझं मत.

वजनाबद्दल मात्र तक्रार नाही. मार्च 2011 च्या न्यूमार्केट हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात ती शर्यत) 58 किलो लादले, फरक पडला नाही. 'हे लिस्ट' नावाच्या घोड्यासारखा तगडा गेल्डिंग (खच्ची केलेला नर) दुसऱ्या कुठल्या काळात जन्मला असता तर राजा झाला असता. इथे तिच्या मागे दुसरा येण्याची सवय झाली बिचाऱ्याला.

अपडेट: ॲस्कॉटनंतर जवळपास आठ महिने विश्रांती. 16 फेब्रुवारी 2013 ला फ्लेमिंग्टनला 1000 मीटर 55.42 सेकंदांत. 1988 पासूनचा 'स्पेशल' नावाच्या जनावराचा 55.50 चा विक्रम मोडला, तोही फाटलेला स्नायू भरून आलेल्या सहा वर्षांच्या घोडीने. नंतर मूनी व्हॅलीला एक रन, मग एप्रिलमध्ये रँडविकला टीजे स्मिथ ही शर्यत, आणि तिथेच थांबवली. सव्विसावा रन मारून बघू, असा मोह मूडीने टाळला.

कापलेल्या दोन ताऱ्यांपैकी एक परत देतोय. दुसरा 1/6 चा, तो नाही मिळणार.