देश-तुलनेचं ॲप वापरलं, मॉरिशस विरुद्ध मालदीव – तीन स्टार

भाचीला प्रोजेक्ट होता, दोन छोटे बेटांचे देश घ्या आणि तिथलं सरकार शिक्षणावर किती खर्च करतं ते लिहा, म्हणून एक फुकटचं तुलना करणारं ॲप टाकलं. नाव नाही लिहीत, कुणीतरी एकट्याने केलेलं दिसतंय. डावीकडे मॉरिशस, उजवीकडे मालदीव. पटकन उघडतं, ग्राफ छान, जाहिराती नाहीत.

मग २०२० वर बोट ठेवलं आणि मालदीवची रेघ वर, बाजूला हिरवा बाण, 'प्रगती'. अहो कसली प्रगती! कोविडमध्ये टुरिस्ट बंद झाले, त्यांचं सगळं त्यावरच, जीडीपी साधारण एक तृतीयांश आपटला. आणि हा आकडा तर जीडीपीच्या टक्क्यांत. म्हणजे शंभर रुपये कमावणारा घरातल्या पोरांच्या शाळेला चार देत होता, कमाई सदुसष्टवर आली आणि चार तेवढेच राहिले तरी चार टक्क्यांचे सहा टक्के होतात, शाळेत एक खडू पण जास्तीचा आलेला नसतो. मॉरिशसचाही जीडीपी त्या वर्षी पडला पण १५ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ॲपमध्ये बिचारा मॉरिशस मागे पडल्यासारखा दिसतो.

खरं तर मॉरिशसने बरंच केलंय. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून फुकट, २००५ पासून विद्यार्थ्यांना बसही फुकट, २०१९ पासून सरकारी संस्थांमध्ये पहिल्या पदवीची फी नाही. आता हा बसचा खर्च शिक्षणात धरलाय की वाहतुकीत? ॲपमध्ये त्याचा पत्ताच नाही. शिवाय तिथे ट्यूशनचं वेड आपल्यापेक्षा कमी नाही, तो पैसा पालकांच्या खिशातला, तो या आकड्यात येणारच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे भूगोल. मॉरिशसचे साडेबारा लाखांच्या आसपास लोक, रॉड्रिग्ज वगैरे सोडलं तर एकाच बेटावर. मालदीवचे पाच लाखांच्या वर, पण ते जवळपास दोनशे बेटांवर विखुरलेले! बेटावर पोरं मूठभर असली तरी हेडमास्तर लागतो, गणिताचे सर लागतात, ते बऱ्याचदा परदेशातून आणायचे (आपल्याकडचेही खूप जातात), वह्यापुस्तकं बोटीने. म्हणजे तेच चार टक्के इथे आणि तिथे सारखं काम करत नाहीत. लोकसंख्या आणि वस्ती असलेली बेटं, एवढे दोन कॉलम टाकले असते तर भाचीला माझी गरजच पडली नसती.

आवडलेलं एक आहे. वर एक बटण आहे, त्याने जीडीपीऐवजी सरकारच्या एकूण खर्चातला शिक्षणाचा वाटा दिसतो, आणि २०१५ च्या इंचिऑन जाहीरनाम्यात (शिक्षणाबद्दल देशांनी मिळून केलेला) सुचवलेली पातळी, म्हणजे जीडीपीच्या ४ ते ६ टक्के किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के, ती पट्टी ग्राफमागे फिकट रंगात येते. हे भारी. पण ज्या वर्षाचा आकडाच नाही तिथे हे ॲप सरळ रेघ ओढून मोकळं होतं, ते चालणार नाही. वर्ल्ड बँकेच्या साइटवरून एक्सेल उतरवली (मूळ आकडे युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेचेच) तेव्हा कळलं, तिथे तो सेल चक्क रिकामा होता.

हिरवा बाण काढा, चौथा स्टार देतो. आणि हो, मॉरिशसच्या शाळांत मराठी हा विषय घेता येतो, हे भाचीने स्वतः शोधलं आणि तेच पहिल्या पानावर लिहिलं.