७०-३०० लेन्स, गेट ब्रिज आणि मागचा फुजी: आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात ही ७०-३०० (७० ते ३०० मिमीची झूम लेन्स) सेकंडहँड घेतली, १८,००० येनला. घेतली ती एकाच फोटोसाठी: टोकियोच्या खाडीवरचा गेट ब्रिज आणि त्याच्यामागे फुजी पर्वत.

मोबाईलवर हा फोटो होत नाही. फुजी इथून शंभरावर किलोमीटर लांब, मोबाईलमध्ये साबुदाण्याएवढा दिसतो. लांबची लेन्स लावली की तोच डोंगर पुलाच्या डोक्यावर येऊन बसतो. पण जागा चुकली तर लेन्स काय करणार! आम्ही टोकियोच्या निशी-कासाईत राहतो; तिथल्या समुद्राकाठच्या बागेतून पूल एकीकडे आणि फुजी भलतीकडे. दोघं एका रेषेत हवे तर नदी ओलांडून उरायासूच्या किनाऱ्यावर जायचं. हे कळेपर्यंत माझे तीन रविवार गेले.

पूल २०१२चा. हानेदा विमानतळ जवळ, म्हणून झुलत्या पुलासारखे उंच मनोरे चालत नाहीत. खालून मोठी जहाजं जातात, म्हणून ठेंगणाही चालत नाही. मग झाला हा ८७.८ मीटर उंचीचा पोलादी सांगाडा. लोक त्याला डायनासोर पूल म्हणतात, आणि खरंच दोन डायनासोर समोरासमोर उभे वाटतात. माझ्या कॅमेऱ्याच्या क्रॉप (लहान) सेन्सरवर २०० मिमीला दोघं मावतात, ३००ला एकच. मला २००चीच चौकट आवडली.

लेन्सबद्दल: ३००ला फोटोच्या कडा मऊ, म्हणजे जरा अस्पष्ट पडतात, लेन्सचं छिद्र एफ/८पर्यंत लहान केलं की बऱ्या. झूम ढिला आहे. गळ्यात कॅमेरा लटकवून सायकल मारली की नळी आपसूक बाहेर येते. भाजीच्या जुडीचं रबरबँड चढवलंय, काम भागतं. धुरकट डोंगरावर ऑटोफोकस नुसता मागेपुढे करतो, म्हणून पुलाच्या पोलादावर फोकस धरून मॅन्युअल करते. एवढ्या अंतरावर फुजीही त्यातच येतो.

सगळ्यात मोठा घोटाळा माझाच. फेब्रुवारीत सूर्य नेमका फुजीच्या माथ्यावर मावळतो, खेळ दोन-तीन मिनिटांचा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद करायला विसरले. चाळीसच्या चाळीस फोटो हललेले. घरी येऊन नवऱ्याला दाखवलेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी नुसती काळी आकृती मिळते. बर्फ हवं असेल तर जानेवारीची पहाट. बोटं बधिर, लेन्सवर खारट तुषार, दर पाच मिनिटांनी कापड फिरवायचं. पूल अजून काळाच असतो आणि मागे बर्फाला वरून खाली गुलाबी चढत येतं. १७०७मध्ये याच डोंगराची राख इथपर्यंत येऊन पडली होती, हे त्या वेळी खरं वाटत नाही.

हिवाळ्यात २२ पहाटा गेले, फुजी ९ वेळा दिसला. मेपासून एकदाही नाही. पैसे वसूल झाले का? माझ्या मते हो, पण उन्हाळ्यात घेऊ नका. डिसेंबरपर्यंत डब्यातच पडून राहील. माझी आत्ता तिथेच आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, रबरबँडसकट.