मामांना नापास करणारा परीक्षक

चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये सहा फोर्कलिफ्ट ऑपरेटर आहेत. यंदा त्यांची तपासणी बाहेरच्या एका ट्रेनिंग संस्थेकडे दिली. मी स्टोअर बघतो, त्यामुळे दिवसभर परीक्षकांच्या मागेमागे शेडमध्येच होतो.

त्यांनी एकेकाला नुसती चावी दिली आणि वही काढून बाजूला उभे राहिले. टायर, मास्टच्या म्हणजे पुढच्या उभ्या खांबाच्या चेन, खाली तेल गळलंय का, हे कोण बघतं ते टिपत होते. सहापैकी दोघंच गाडीभोवती फिरले. बाकीचे थेट सीटवर! इतकी वर्षं हे माझ्या नजरेतूनही सुटलं होतं.

मग खरी गंमत. अडीच टन उचलणारी गाडी, समोर २.३ टनाचं खोकं, फोर्कच्या म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या दोन दात्यांच्या दिशेने १.६ मीटर लांब. आमच्या ऑपरेटर मामांचा हात बारा वर्षांचा. म्हणाले, "उचलेल की!" परीक्षकांनी कॅपॅसिटी प्लेटवर बोट ठेवलं. अडीच टन कधी, तर लोडचा मध्य फोर्कच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असेल तेव्हा. या खोक्याचा मध्य ८०० वर, म्हणजे गाडी पुढे कलणार. मागची चाकं उचलली गेली की स्टिअरिंगच गेलं, कारण फोर्कलिफ्ट वळते ती मागच्या चाकांवर. मामा गप्प.

रॅम्पवर सगळे पास. भरलेली गाडी चढताना सरळ आणि उतरताना रिव्हर्स, हे आमच्या पोरांच्या अंगात मुरलंय. पण मामा चहाला उतरले तेव्हा फोर्क गुडघ्याएवढे वर आणि चावी गाडीतच. नापास. वाईट वाटलं, पण वाद घालायला जागा नव्हती.

आता तक्रार. लेखी पेपर फक्त इंग्रजीत. आमचा बीडचा पोरगा सगळ्यात सफाईने चालवतो, त्याला प्रश्नच वाचता येईना. शेवटी मी शेजारी बसून मराठीत सांगितलं. दुसरं, दाखल्यावर नुसतं 'फोर्कलिफ्ट' छापलंय. डिझेल गाडी आणि अरुंद गल्लीतला रीच ट्रक यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि परीक्षा झाली ती डिझेलवरच.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या वर्षी परत बोलावेन, पण मराठी-हिंदी पेपर आणि दाखल्यावर मशीनचा प्रकार, या दोन अटींवर.

मामांची फेरपरीक्षा सोमवारी आहे. हल्ली चहाला उतरताना चावी खिशात टाकतात, तीही मला दाखवून.